गुठळी, बोलणाऱ्यांच्या नावासकट

नसरीनचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. "बाई, अब्बा गेले," एवढंच ती आधी म्हणाली. मी म्हटलं, अगं, असे कसे गेले? परवाच तर मी त्यांना शिरूरच्या स्टँडवर बघितलं. "सकाळी चहा घेताना पडले. डॉक्टर म्हणले, डोक्यात गुठळी झाली..." आणि सांगायलाही लाज वाटते, पण तो शब्द ऐकल्यावर माणूस गेल्याच्या दुःखाआधी माझ्या मनात आलं ते हे, की आता या गुठळीची चिठ्ठी कोण लिहिणार? तिचे अब्बा, रशीदभाई, असते तर लिहिली असती. वर शब्द, खाली नसरीनचं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली नसरीनचं नाव आणि गाव. मी डब्याला झाकण लावलं आणि मुख्याध्यापकांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेले.

परवा बघितलं म्हटलं, तेही अर्धंच खरं. मी त्यांना बघितलं, त्यांनीही मला बघितलं, आणि मग ते वळून वेळापत्रकाच्या फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. आता ज्या माणसानं उभी हयात एसटीत काढली, आणि जो रिटायर होऊन घरी बसलाय, त्याला त्या फळ्यावर वाचण्यासारखं काय होतं? माझी गाडी सुटेपर्यंत ते तसेच उभे होते. सात वर्षं आमचं हे असंच चाललं होतं. चूक माझी होती, आणि ती मी कधी कबूल केली नाही. आता करतेय, तर ऐकायला ते नाहीत. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, त्यातली गत.

रशीदभाई शिरूर डेपोचे कंडक्टर. मी शिरूरची, नोकरी दौंडच्या शाळेत, मराठी शिकवायला. न्हावरं, पारगाव, चौफुला, कुरकुंभ करत गाडी दौंडला पोचायला पावणेदोन तास घ्यायची, कधी दोन. नव्वदच्या दशकातली आठ वर्षं आठवड्यातले चार-पाच दिवस मी त्यांच्याच गाडीनं गेले. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझा पास एकदा नीट बघितला, नाव वाचलं, आणि म्हणाले, "आता पुन्यांदा न्हाई इचारनार. बसा बाई." ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर खिडकीची जागा ते माझ्यासाठी धरून ठेवत. कुणी बसायला लागलं तर म्हणत, "तितं मास्तरीन बाई बसत्यात. पोरांच्या शिव्या खायला ताजंतवानं पोचाया नको व्हय?"

तिकिटं फाडून झाली की ते मागच्या दारापाशी उभे राहून शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढत. लग्नपत्रिका कापून केलेल्या चिठ्ठ्या त्या. शिरूर ते दौंड पट्ट्यातली सगळी लग्नं त्यांना आवतण द्यायची, त्यामुळे कागदाला तोटा नव्हता. कोऱ्या बाजूला ते लिहीत. सगळ्यात वर शब्द. खाली तो कुणी कसा वापरला ते वाक्य, बोललं असेल तसं, काही सुधारायचं नाही. त्याखाली बोलणाराचं नाव. आणि मग खास कंडक्टरी रकाने: चढले कुठं, उतरले कुठं. शेवटी 'मूळ'. तिथं बहुतेक ठिकाणी 'माहीत नाही' असंच लिहिलेलं असायचं. मी एम.ए. झालेली, व्युत्पत्तीचा पेपर दिलेली. मला ते खटकायचं. मी म्हणे, रशीदभाई, काहीतरी अंदाज तरी लिहा. त्यावर ते हसून म्हणाले होते, "बाई, प्याशिंजर मधल्या थांब्यावर चढला, तर म्या सांगंन कुठनं चढला. पन काही शब्द म्या ड्यूटीवर यायच्या आधीच शीटवर बसलेले हायेत. त्यांना कुठनं चढला इचारावं, तर ते खिडकीभाईर बघत्यात. मग म्या काय लिवू? माहीत न्हाई."

गुठळीची चिठ्ठी त्यांच्या आईपासून सुरू झाली. हलिमाबी म्हणजे त्यांची अम्मा, पिठलं करण्यात हातखंडा. मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले होते, तेव्हा चुलीपुढं बसून त्यांनी मला सांगितलं, "पीठ वैरताना हात थांबला का गुठळी झाली समज. बोलायचं असंल तर आधी बोल नाहीतर नंतर बोल." रशीदभाईंनी तिथंच खिशातून चिठ्ठी काढली. अम्मा वैतागल्या, "घर में भी ड्यूटी क्या रे?" पण नाव लिहिताना त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवलं, चुकू नये म्हणून. त्यानंतर तो एक शब्द रशीदभाईंच्या मागंच लागला. राहूच्या गुऱ्हाळावरचे दगडूआबा गुळवे, उसाचा रस आटवण्यात ज्यांचा शब्द शेवटचा, त्यांनी सांगितलं की पाक घोटायला उशीर झाला की तो गुठळी धरतो, आन् मग ढेप कितीबी ठोका, बसत न्हाई. मुन्ना नावाचा बिहारचा एक गवंडी कुरकुंभकडं कामाला जायचा. तो म्हणाला, "सिमिट में गुठळी हो गया तो फेंकना पडता." रशीदभाई त्या दिवशी लहान पोरासारखे खूश. "बघितलं का बाई, दौंडात रेल्वेत बसून आपला शब्द आता बिहारला चालला!"

आणि भांडगावच्या गयाबाई. सुईणीचं काम केलेल्या, सत्तरीच्या, हातात कायम कापडी पिशवी. लेकीकडं जाताना त्या चौफुल्याला आमच्या गाडीत चढायच्या. त्यांनी भर गाडीत, आवाज जराही खाली न आणता सांगितलं होतं, "बाळतिनीला सुपारीयेवडी गुठळी पडली तर घाबरायचं न्हाई. लिंबायेवडी पडली, तर मागंफुडं बगायचं न्हाई, गाडी बगायची." रशीदभाईंनी चिठ्ठी लिहिली, वाचून दाखवली, आणि म्हणाले, "मावशी, ह्ये समदं म्या लिवून ठेवलंय. कवातरी पुस्तक हुईल. तवा तुमचं नाव त्यात छापून यील." गयाबाई म्हणाल्या, "माजं नाव? कशात?" मग पिशवी मांडीवर घेत, "नातवाला वाचता येतंय." त्यानंतर त्या जेव्हा जेव्हा चढत, पहिला प्रश्न तोच. "आलं का रं माजं नाव?"

एक प्रसंग माझाही आहे. वडील गेले त्या वर्षी, तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी शाळेला निघाले. परीक्षा जवळ होती, घरी बसून तरी काय करणार होते! रशीदभाईंनी नेहमीसारखं "बसा बाई" म्हटलं आणि मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. मी कसंबसं म्हणाले, "घशात गुठळी झालीय हो. बोलवत नाही." त्यांनी माझ्या शेजारी कुणाला बसू दिलं नाही, न्हावऱ्याला गर्दी झाली तरी नाही. "ती शीट रिझर्व हाय," म्हणाले. एसटीच्या साध्या गाडीत कसलं रिझर्वेशन! पण त्यांच्याशी कुणी वाद घातला नाही. दौंडपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून पोटभर रडले.

अशा माणसाचं मी काय केलं ते आता सांगते. आमच्या संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून या भागातल्या बोलीचा एक कोश काढायचं ठरलं. समितीत मी होते. हौसेनं म्हणाले, माझ्या ओळखीचे एक कंडक्टर आहेत, त्यांच्याकडे हजारावर शब्द आहेत. रशीदभाईंना विचारलं तर त्यांचा एकच प्रश्न. "बाई, बोलनाऱ्यांची नावं छापतील न्हवं? म्या समद्यांना शबूद दिलाय." मी म्हणाले, "छापतील. मी आहे ना!" त्यांनी पत्र्याचा बिस्किटाचा डबा चिठ्ठ्यांसकट माझ्या हातात दिला. पावती नाही, काही नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी एकेक चिठ्ठी सुवाच्य अक्षरात उतरवून काढली, नावांसकट.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी पहिलं पान उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाई, हा शब्दकोश आहे. मतदारयादी नव्हे." सगळे हसले. मीही हसले. मला अजून कळत नाही मी का हसले. नावं एका फटक्यात गेली. मग गुठळीचं पान आलं. गयाबाईंचं वाक्य बघून ते म्हणाले, "हे काय छापता? पुस्तक शाळेत जाणार आहे." लाल रेघ. 'मूळ' या रकान्यात रशीदभाईंनी लिहिलं होतं, 'माहीत नाही. आमच्या घरात आंब्याच्या कोयीला गुठली म्हणतात, त्याच घरची असेल? गोठण्याशी नातं असेल? गाठीशी? जाणकारांना विचारावं.' यावर अध्यक्ष जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "आता मराठी शब्दांची मुळं आम्ही मुसलमानांच्या स्वयंपाकघरात शोधायची का? कंडक्टरनं तिकिटं फाडावीत." आणि त्यांनी पेनानं समोर एक संस्कृत शब्द लिहिला, पुढं पूर्णविराम दिला. कुठलंही पुस्तक उघडलं नाही. जो पहिला आठवला तो लिहिला. मला दिसत होतं की हे ठोकून दिलेलं आहे. रशीदभाईंचं 'माहीत नाही' त्यापेक्षा शंभर पटीनं शास्त्रशुद्ध होतं, हे सांगायला मला एम.ए.चीसुद्धा गरज नव्हती. पण त्या वर्षी पर्यवेक्षिकेची जागा रिकामी होणार होती आणि संस्थेत अध्यक्षांच्या शब्दाला वजन होतं. मी तोंडाला कुलूप घातलं. ती जागा मला मिळाली. अजून माझ्याकडेच आहे.

प्रकाशनाला रशीदभाई इस्त्रीचा युनिफॉर्म घालून आले होते. शेवटच्या रांगेत बसले. सगळ्यांना पुस्तकं वाटली, तेव्हा पानं उलटत ते आधी 'ग'पाशीच थांबले असणार, हे मला स्टेजवरूनही कळलं. 'गुठळी: घट्ट झालेला गोळा.' पुढं ते संस्कृत मूळ. बस्स! हलिमाबी नाहीत, दगडूआबा नाहीत, गयाबाई नाहीत, मुन्ना नाही. मग त्यांनी प्रस्तावना काढली. तिथं 'एका एसटी वाहकाचेही सहकार्य लाभले' असं छापलं होतं. त्या वाहकाला नाव नव्हतं. माझं नाव मात्र मुखपृष्ठाच्या आत होतं, संपादन साहाय्य म्हणून. मी पुस्तकातून डोकं वर काढलं तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

सोमवारी मी गाडीत चढले. खिडकीच्या जागेवर एक माणूस पोतं घेऊन बसला होता. रशीदभाई तिकिटं फाडत फाडत माझ्यापाशी आले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पास दाखवा."

त्या पहिल्या आठवड्यानंतर आठ वर्षांत पहिल्यांदा. मी पर्स उपसून पास शोधून काढला. त्यांनी थांबून तो नीट बघितला, तारीख बघितली, परत दिला. चौफुल्याला गाडी चहाला थांबली तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले. रशीदभाई, माझं ऐका तरी, मी म्हणाले. ते शांत होते, आवाजसुद्धा चढवला नाही. "बाई, ह्या शब्दाचं मूळ तुमाला, मला, त्या सायबाला, कुनालाच ठावं न्हाई. ते तुमी छापलं. बोलनारी मान्सं मला ठावी हायेत. ती तुमी पुसली." मी म्हणाले, माझ्या हातात काही नव्हतं. ते म्हणाले, "डबा तर तुमच्याच हातात दिल्ता." आणि गाडीकडे वळताना, "आता ती म्हातारी चौफुल्याला चढली, की तिला काय सांगू, तेवडं सांगा..." त्या महिन्याच्या आत त्यांनी ड्यूटी बदलून घेतली. ज्या फेरीवर सगळी माणसं नावानिशी ओळखायची ती सोडून पुण्याच्या फेरीवर गेले, जिथं कुणी कुणाशी बोलत नाही. गयाबाई पुढं मला एकदाच दिसल्या. नव्या कंडक्टरला त्या विचारत होत्या, "रशीद कुठाय?" मी पुस्तक वाचत असल्याचं सोंग केलं. आता त्याही नाहीत.

दफन त्याच दिवशी झालं. मी पोचेपर्यंत त्यांना घेऊन गेले होते. चाळिसाव्या दिवशी मी पुन्हा गेले, तेव्हा नसरीननं मला आत बसवलं, चहा दिला. अध्यक्षांच्या सहीचं ते पुस्तक कपाटावर होतं. ती म्हणाली, "तुम्हाला ठाव न्हाई बाई. पुस्तक आलं, तवा दादी जिवंत होती. रोज इचारायची, मेरा नाम किधर है? तिला कुठं वाचता येत होतं! एक दिवस अब्बांनी ते पान काढलं, गुठळीवर दादीचं बोट ठेवलं, आन् म्हणले, ये देख अम्मा, ये तेरा नाम. दादीनं त्या जागेवर हात फिरवला. मग अब्बा भाईर गेले आन् लई वेळ आत आलेच न्हाईत." ज्या माणसानं एका चिठ्ठीत कधी खोटं अक्षर लिहिलं नाही, अंदाजसुद्धा प्रश्नचिन्हाशिवाय लिहिला नाही, त्याला मी स्वतःच्या आईशी खोटं बोलायला लावलं.

चहा तसाच राहिला. नसरीननं तो बिस्किटाचा डबा आणला. प्रेसचं काम झाल्यावर मीच तो शिपायाच्या हाती परत पाठवला होता, स्वतः न्यायचं धाडस झालं नव्हतं. तिनं त्यातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढं ठेवली. मी म्हटलं ना, सगळ्या चिठ्ठ्या मी उतरवल्या होत्या. ही मी कधी बघितली नव्हती. ही त्यांनी डब्यात घालून दिलीच नव्हती. मागच्या बाजूला कुणाच्या तरी पत्रिकेतली अर्धी ओळ, 'माझ्या मामाच्या लग्नाला', आणि पुढं रशीदभाईंचं ठसठशीत अक्षर. 'गुठळी. घशात होते. "घशात गुठळी झालीय हो, बोलवत नाही." बोलणार: सुनंदाबाई, शाळेच्या. चढल्या शिरूर, उतरल्या दौंड.' आणि सगळ्यात खाली, अधोरेखित करून, 'रडत होत्या, म्हणून विचारलं नाही. विचारल्याशिवाय छापू नये.'

मला खूप रडायचं होतं, पण नसरीनपुढं रडायचा मला हक्क उरला नव्हता. मी तिला म्हणाले, हा डबा मला देशील? मी नव्यानं सगळं करीन, नावं घालीन. तिनं चिठ्ठी माझ्या हातात राहू दिली आणि डब्याचं झाकण लावलं. "ही तुमची हाय, न्या. बाकीच्या न्हाई देणार. एकदा दिल्त्या."

ती चिठ्ठी आता माझ्या टेबलावर, काचेखाली आहे. डबा मिळाला नाही, तो मिळायलाच नको होता. पण गुठळीचं पान मला तोंडपाठ आहे, म्हणून ते इथं देते, जसं त्यांनी लिहिलं होतं तसं. पिठल्यात, पीठ वैरताना हात थांबला की होते, हे सांगितलं हलिमाबींनी, शिरूर. पाकात, घोटायला उशीर झाला की धरते, हे दगडूआबा गुळवे, राहू. सिमेंटमध्ये झाली तर फेकून द्यावं लागतं, हे मुन्ना गवंडी, चढला दौंड, उतरला कुरकुंभ. बाळंतिणीची सुपारीएवढी असली तर घाबरायचं नाही, लिंबाएवढी असली तर गाडी बघायची, हे गयाबाई, सुईण, भांडगाव. घशातली माझी, विचारायला ते नाहीत म्हणून मीच परवानगी देते. डोक्यातली नसरीनची. मूळ माहीत नाही. हे सगळं गोळा केलं ते शिरूर डेपोचे कंडक्टर रशीदभाई यांनी. हे जिथं छापायला पाठवतेय त्या रविवार पुरवणीच्या संपादकांना एकच विनंती आहे. जागा कमी पडली, तर माझं नाव कापा.